ओल्ड कोर्सवर बॉल कुठे ठेवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोल्फमध्ये हँडिकॅप 16 (फेरीला अपेक्षित फटक्यांपेक्षा, म्हणजे पारपेक्षा, साधारण 16 जास्त), उजव्या हाताचा खेळ, ड्रायव्हरने (सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबने) मारलेला बॉल शेवटी शेवटी उजवीकडे वळतो, म्हणजे स्लाइस होतो. आजवर खेळलात ते झाडांमधल्या, भरपूर पाणी दिलेल्या मऊ कोर्सवर. आता स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर टी टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) मिळालाय. टीव्हीवर बघितलं तर झाडं जवळपास नाहीतच, फेअरवे (कापलेल्या गवताच्या वाटा) हे एवढे रुंद, मग अवघड काय? आणि एकेक होल (टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, झेंड्याच्या खळीपर्यंतचा टप्पा) खेळायचा कसा?

मी इथे खेळतो आणि हंगामात कॅडी म्हणून पाहुण्यांच्या बॅगाही उचलतो. तुमच्याच हँडिकॅपची माणसं कायम सोबत असतात, त्यामुळे ती कुठे अडकतात हे डोळ्यांसमोर आहे. तेवढंच सांगतो.

आधी नकाशा डोक्यात बसवा. कोर्स गावातून निघतो, वायव्येला ईडन नदीच्या मुखाकडे जातो, तिथे एक वळसा घेतो आणि गेल्या वाटेच्या शेजारूनच परत येतो. जाणारे आणि येणारे होल इतके खेटून आहेत की बहुतेक ग्रीन (खळीभोवतीचा गुळगुळीत गवताचा भाग) दोघांत एक आहे. दोन होलांच्या आकड्यांची बेरीज 18 आली की ग्रीन सामाईक: दुसरा-सोळावा, तिसरा-पंधरावा, असं करत आठवा-दहावापर्यंत. स्वतःचं वेगळं ग्रीन आहे ते पहिल्या, नवव्या, सतराव्या आणि अठराव्या होलला. जाताना झेंडा पांढरा, येताना लाल. अठराव्याचा तेवढा पुन्हा पांढरा. हे आधी सांगायचं कारण म्हणजे परक्या झेंड्यावर सुरेख फटका मारणारे महाभाग नेहमी भेटतात, आणि मग पन्नास पावलांचा पट (ग्रीनवर बॉल घरंगळवायचा फटका) शिल्लक राहतो.

आता मुद्द्याचं. जाताना असो वा येताना, शेजारचा होल कायम तुमच्या डाव्या हाताला असतो. उजव्या हाताला जाताना गॉर्सची काटेरी झुडपं, आणि येताना गॉर्स, भिंत, हॉटेल, रस्ता. म्हणजे डावीकडे गेलेला बॉल सापडतो, उजवीकडे गेलेला सापडेलच असं नाही. हे समजायला कॅडी लागत नाही. मेख पुढे आहे. इथली बरीचशी ग्रीन उजव्या अंगाने उघडतात. डावीकडून आलात की तुमच्या आणि झेंड्याच्या मध्ये बंकर (वाळूचा खड्डा) तरी असतो, उंचवटा तरी, नाहीतर ग्रीनचा उतार पलीकडे पळत असतो. डावीकडे बॉल वाचतो, उजवीकडून ग्रीन मिळतं. हा व्यवहार टीवर उभं राहून दर वेळी नव्याने करायचा असतो. कॅरममध्ये हातातली सोंगटी घेताना पुढची कुठून मिळेल हे जसं आधी बघतो, तसं ग्रीनपासून मागे मागे येत विचार करायचा: झेंडा कुठे आहे, तिथे सपाट वाट कुठून जाते, त्या वाटेच्या तोंडाशी मला कुठून पोहोचता येईल.

2022 साली इथे 150वी ओपन (ब्रिटिश ओपन स्पर्धा) झाली. शेवटच्या दिवशी रोरी मॅक्लरॉयने अठराच्या अठरा ग्रीन ठरलेल्या फटक्यांत गाठली, पट मारले 36 आणि फेरी झाली 70ची. त्याच दिवशी कॅमेरॉन स्मिथ 64 खेळून, एकूण 20 अंडर पारवर (पारपेक्षा 20 फटके कमी) जिंकून गेला. स्मिथचा पटर त्या दिवशी पेटला होता हे कबूल; पण ग्रीनवर बॉल आहे याचा अर्थ इथे झेंड्याजवळ आहे असा होत नाही, हे त्या एका दिवसात दिसलं. इथे ग्रीनवर असूनही तुम्ही चुकीच्या जागी असू शकता.

आता तुमचा स्लाइस. टी टाइमच्या आदल्या आठवड्यात तो सुधारायला जाऊ नका. उलट तो गृहीत धरून खेळा, कारण डावीकडे इतकी जागा जगात फार थोड्या कोर्सवर मिळेल. निशाणा सरळ शेजारच्या होलच्या फेअरवेवर धरा. बॉल वळला तर तुमच्या फेअरवेत येईल, नाही वळला तर शेजारच्या फेअरवेत पडेल आणि तिथूनही खेळता येईल. समोरून येणाऱ्यांकडे लक्ष ठेवा आणि ‘फोर’ (सावधान!) ओरडायला लाजू नका.

वाऱ्याचा हिशोबही यातच मिसळायचा. इथला वारा बरेचदा पश्चिमेकडचा किंवा नैऋत्येचा. पश्चिमेचा असला तर जाताना तो डावीकडून, थोडा समोरून येतो आणि तुमचा स्लाइस दुप्पट करून गॉर्समध्ये नेऊन टाकतो. येताना तोच वारा उजवीकडून-मागून येतो आणि स्लाइस बराचसा खाऊन टाकतो. म्हणून पहिल्या सहा होलांना जेवढं डावीकडे धराल तेवढं तेराव्यानंतर धरू नका. नाहीतर डावीकडच्या बंकरांत बॉल जातो आणि ‘सकाळपासून तर असाच मारत होतो’ हे वाक्य ऐकू येतं. पूर्वेचा, समुद्रावरून येणारा वारा असेल तर सगळं उलटं करा. टीवर गेल्यावर आधी ते बघा, यार्डेज (अंतर) नंतर.

समोरच्या वाऱ्यात जोर लावायचा नाही. जोराने मारलं की बॉलला फिरकी जास्त मिळते, तो वर चढतो आणि तिथेच लटकून खाली येतो. दोन क्लब मोठे (जास्त लांब मारणारे) घ्या, बॉल पायांत थोडा मागे ठेवा, पाऊण स्विंग करा आणि हात खालीच संपवा. 150 यार्डांवर 5 आयर्न घ्यायला लागला तर कमीपणा वाटून घेऊ नका; चांगले खेळाडूही तेच करतात.

जमिनीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण तुमच्या सवयीला सगळ्यात मोठा धक्का तिथे बसणार आहे. खाली वाळू, वर बारीक फेस्क्यू गवत. पावसाचं पाणी थांबत नाही, जमीन कडक राहते आणि बॉल पडल्यावर धावतो. तुम्हाला ग्रीनवर बॉल टाकून थांबवायची सवय आहे. इथे मागून वारा असताना ग्रीनवर पडलेला बॉल पलीकडे गेलाच म्हणून समजा. पडायची जागा ग्रीनच्या पंधरा-वीस यार्ड आधी शोधा आणि उरलेलं काम जमिनीला करू द्या. ग्रीनच्या आसपास लॉब वेज (बॉल उंच उडवणारा क्लब) विसरा. गवत इतकं बसकं असतं की बॉलखाली जागाच नसते. वेज आपटून वर उसळतो आणि बॉल पलीकडच्या बंकरमध्ये जातो. पर्याय दोनच ठेवा: पटर, किंवा 7-8 आयर्नने पटरसारखाच मारलेला छोटा फटका. ग्रीनबाहेर वीस यार्डांवरून पटर वापरणं इथे कुणाला वावगं वाटत नाही. त्याचा सराव मात्र करून या. पहिल्या टीच्या आधी पटिंग ग्रीनवर सहा फुटांचे पट मारत बसू नका, तीस-चाळीस पावलांचे मारा. दिवसभर तेच लागणार आहेत.

नोव्हेंबर ते मार्चमध्ये येत असाल तर फेअरवेवर छोट्या मॅटवरून खेळायला लावतात, गवत वाचावं म्हणून. तेही लक्षात असू द्या.

बंकर एकूण 112. संख्येने घाबरू नका, स्वभाव ओळखा. बरेचसे लहान आणि खोल आहेत, पण भोवतालची जमीन त्यांच्याकडेच उतरते. त्यामुळे बंकर दिसतो त्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. चार पावलं बाजूने हळू चाललेला बॉलही आत ओढला जातो. पुढची भिंत गवताचे थर एकावर एक रचून उभी केलेली असते, जवळजवळ सरळ. बॉल त्या भिंतीशी टेकला असेल तर समोर मारायचं नाव काढू नका. बाजूला मारा, मागे मारा, जिथून बाहेर पडेल तिथे मारा. नियमही माहीत असू द्या: बॉल खेळण्याजोगा नाही असं तुम्ही ठरवलंत तर एका दंडाच्या फटक्यात बंकरच्या आतच ड्रॉप घेता येतो (बॉल हाताने खाली सोडून तिथून खेळायचा), आणि 2019 पासून दोन दंड घेऊन झेंडा आणि बॉल यांच्या रेषेत मागे, बंकरच्या बाहेर ड्रॉप घेता येतो. चार फटके आत घालवण्यापेक्षा दोन दंड स्वस्त पडतात. 2000 साली टायगर वुड्स इथे ओपन जिंकला तेव्हा चार दिवसांत, 72 होलांत, तो एकदाही बंकरमध्ये गेला नाही. त्याची ताकद तुमच्याकडे नाही, पण बंकरच्या अलीकडे थांबणारा क्लब निवडायला ताकद लागत नाही.

चला, टीवर.

पहिला होल. मागे क्लबहाउस, बघे उभे, हात थरथरतात. समोर पहिल्याचा आणि अठराव्याचा मिळून एकच प्रचंड फेअरवे, बंकर एकही नाही. उजवीकडे मात्र ओबी (आउट ऑफ बाउंड्स, खेळाच्या हद्दीबाहेर) आहे आणि तुमचा स्लाइस तिकडेच जातो. हायब्रिड (ड्रायव्हरपेक्षा आवरायला सोपा क्लब) घ्या, बराच डावीकडे निशाणा धरा आणि मारून मोकळे व्हा. खरा प्रश्न दुसऱ्या फटक्याचा. ग्रीनच्या अगदी तोंडाशी स्विल्कन बर्न हा ओढा आहे. झेंडा पुढे असला की डोळा झेंड्यावर जातो आणि बॉल पाण्यात. झेंडा बघूच नका. ग्रीनच्या मागच्या कडेचं अंतर विचारा आणि त्यासाठी क्लब घ्या.

दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्यावर वर सांगितलेला व्यवहार पहिल्यांदा रोखीत करावा लागतो. तिन्हीकडे उजवीकडे गॉर्स किंवा रफ (वाढलेलं गवत), तिन्हीकडे डावीकडे भरपूर जागा, आणि तिन्हीकडे डावीकडून ग्रीन कठीण. तिसऱ्यावर तर कार्टगेट नावाचा मोठा बंकर ग्रीनच्या डाव्या अंगाला आडवा पसरलाय. डावीकडून आलात तर त्याच्यावरूनच जावं लागतं. तुम्हाला माझा सल्ला: तिन्ही होलांवर डावीकडे खेळा, पण दुसरा फटका झेंड्यावर मारू नका. ग्रीनच्या उजव्या अर्ध्या भागात बॉल न्या, लांबचा पट पत्करा. चौथ्यावर ग्रीनच्या बरोबर समोर एक टेकाड आहे. त्याच्या अलीकडे पडलेला बॉल कुठे उडेल सांगता येत नाही, म्हणून तिथे एक क्लब जास्त घेऊन पलीकडे टाका. ‘ग्रीनच्या आधी पाडा’ या नियमाला तेवढा अपवाद.

पाचवा पार 5. उजवीकडे ड्राइव्हच्या टप्प्यात सात बंकरांची रांग, तेव्हा डावीकडे. ग्रीन तेराव्याबरोबर सामाईक आणि प्रचंड. त्याच्या आधी एक घळ आहे, ती दुरून दिसत नाही, म्हणून झेंडा आहे त्यापेक्षा जवळ वाटतो. सहाव्याला टीवरून फेअरवे दिसत नाही. कॅडी जी रेघ सांगेल तिच्यावर विश्वास ठेवून मारा. इथेही ग्रीनच्या आधी खोलगट आहे, बॉल धावत यायला हवा असेल तर त्याला वेग द्या.

सातव्यापासून बाराव्यापर्यंत कोर्स वळसा घेतो. होल छोटे, आणि तुमच्या कार्डावर काही पार यायचे असतील तर ते इथेच. सातवा आणि अकरावा एकमेकांना कातरीसारखे छेदतात, तेव्हा मारण्याआधी इकडेतिकडे बघा. सातव्याच्या ग्रीनसमोर शेल नावाचा ऐसपैस बंकर आहे, त्याच्यावरून जायला पुरेसा क्लब घ्या. आठवा पार 3, समोरच्या बंकरपलीकडे मागे भरपूर ग्रीन आहे. नववा सपाट, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. फेअरवेच्या मध्यावरचे दोन बंकर टाळा. दहाव्याला बॉबी जोन्सचं नाव आहे. तुमच्या हातचा होल आहे, फार विचार करू नका.

अकराव्यावर मात्र थांबा. पार 3, टीप्रमाणे दीडशे ते पावणेदोनशे यार्ड. उजवीकडे समोर स्ट्रॅथ बंकर, डावीकडे हिल बंकर, ग्रीनच्या मागे ईडनचं पात्र आणि त्यावरून येणारा उघडा वारा. ग्रीन मागून पुढे इतकं उतरतं की मागच्या बाजूला गेलात तर परतीचा पट ग्रीनवर थांबवणं मुश्कील. 1921 साली एकोणीस वर्षांचा बॉबी जोन्स ओपनच्या तिसऱ्या फेरीत इथे हिल बंकरमध्ये फसला आणि त्याने इथेच हार मानली. पुढे 1927ची ओपन तो इथेच जिंकला आणि 1958 मध्ये गावाने त्याला मानाचं नागरिकत्व दिलं, पण तो नंतरचा भाग. 2015च्या ओपनमध्ये शनिवारी वाऱ्याने ग्रीनवर थांबलेले बॉल सरकू लागले, खेळ जवळजवळ दिवसभर थांबला आणि स्पर्धा सोमवारी संपली. त्या दिवशी सगळ्यात जास्त त्रास या टोकाच्या ग्रीनांचाच होता.

तुम्ही इथे काय करायचं? झेंडा डावीकडे असो वा स्ट्रॅथच्या मागे, त्याच्याकडे पाठ फिरवा. दोन बंकरांच्या मधल्या पट्टीवर निशाणा धरा आणि ग्रीनच्या पुढच्या भागात किंवा अगदी कडेच्या अलीकडे थांबेल असा क्लब घ्या. अलीकडे राहिलात तर चढावर पट मारायचा आहे, तो सोपा. पलीकडे गेलात तर उतारावर, आणि खाली दोन बंकर वाट बघतायत. चढाचा तीन फूट उरलेला पट चालेल, उताराचा तीन फूट नको.

बारावा ही या कोर्सची सगळ्यात खट्याळ जागा. टीवरून समोर मोकळं मैदान दिसतं, एकही बंकर दिसत नाही. छोटा पार 4, म्हणून सगळे ड्रायव्हर काढतात, मधोमध मारतात, ‘वा’ म्हणतात आणि पुढे गेल्यावर बॉल बंकरमध्ये. बंकर आहेत, फेअरवेच्या मध्यावरच आहेत, पण त्यांची पाठ तुमच्याकडे आहे. कारण हा कोर्स पूर्वी उलट्या दिशेने खेळला जाई. एकोणिसाव्या शतकात ओल्ड टॉम मॉरिसने पहिल्या होलसाठी वेगळं ग्रीन तयार केलं, तेव्हापासून आजची दिशा जमू लागली. मग काही काळ दोन्ही दिशांनी खेळ चाले. उलट्या दिशेने येणाऱ्याला हे बंकर स्वच्छ दिसत. आपण पाठीमागून येतो म्हणून आपल्याला फक्त गवताची उशी दिसते.

यावर खात्रीचा एक उपाय आहे. रविवारी एरवी ओल्ड कोर्स खेळायला बंद असतो आणि गावकरी तिथे फिरायला येतात. तुमच्या टी टाइमआधी रविवार मिळत असेल तर चालत बाराव्याच्या ग्रीनपर्यंत जा आणि मागे वळून टीकडे बघा. सगळे खड्डे ओळीने दिसतील. यार्डेज बुक वाचून जे समजत नाही ते दोन मिनिटांत समजतं. रविवार मिळत नसेल तर सरळ लांब आयर्न घ्या आणि बंकरांच्या अलीकडे थांबा. ग्रीन मात्र अरुंद, मधे उंचवट्यासारखं. झेंडा त्या पट्ट्यावर असेल तर एक क्लब जास्तच.

तेराव्यापासून परतीचा प्रवास. डावीकडे कॉफिन्स नावाचे बंकर, नावावरूनच काय ते समजा. त्यांच्या अलीकडे राहिलात तर दुसरा फटका लांब आणि आंधळा; कड्यावरून ग्रीन दिसत नाही. तुमच्या हँडिकॅपला इथे बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) म्हणजे यश. तीन फटक्यांत ग्रीनवर या, पार 5 समजून खेळा.

चौदावा. ओपनच्या टीवरून हा 600 यार्डांच्या वर जातो. तुमचा बराच छोटा असेल, पण कोडं तेच. उजवीकडे भिंत, तिच्यापलीकडे ओबी. डावीकडे बिअर्डीज हा बंकरांचा झुबका. या दोघांच्या मधल्या सपाट पट्टीला एलिशियन फील्ड्स म्हणतात. ड्राइव्ह तिथे पडला की पुढे हेल बंकर, ग्रीनच्या शंभरेक यार्ड आधी, माणसापेक्षा उंच भिंत. 1995च्या ओपनमध्ये जॅक निकलस या हेलमध्ये अडकला आणि होलवर त्याचे 10 झाले. निकलसचे!

इथे पश्चिमेचा वारा तुमच्या मदतीला येतो, कारण तो उजवीकडून ढकलतो. वारा असेल तर एलिशियन फील्ड्सच्या मध्यावर मारायला हरकत नाही. वारा नसेल किंवा पूर्वेचा असेल तर बिअर्डीजच्याही डावीकडे, पाचव्याच्या फेअरवेवर जा. त्यानंतर दुसरा फटका काहीही झालं तरी हेलवरून नको. डावीकडे, पाचव्याच्या फेअरवेवरून पुढे. थोडं लांब पडतं, पण हेल उजवीकडे राहून जातो. तिसरा फटका ग्रीनवर: समोर एक उभा चढ आहे आणि चढ संपल्यावर ग्रीन पलीकडे उतरतं. उंच मारलेला बॉल थांबत नाही. 7 आयर्नने खालून पळवा, चढावर त्याचा वेग आपोआप मरतो. झेंड्यापासून दहा पावलांत थांबला तर मनातल्या मनात टाळ्या वाजवा.

पंधरावा परतीच्या बाकीच्या होलांच्या तुलनेत दम घ्यायचा होल, सरळ खेळा. सोळाव्यावर फेअरवेच्या मध्यात तीन बंकरांचा पुंजका आहे, प्रिन्सिपल्स नोज. त्याच्या आणि उजवीकडच्या ओबीच्या मधून एक अरुंद वाट आहे, ग्रीनसाठी सर्वांत उत्तम जागा तीच. तुमच्यासाठी ती वाट नाहीच. डावीकडून जा, वेळ लागला तर लागू द्या.

सतरावा, रोड होल. ओपनमध्ये 495 यार्ड आणि पार 4. जगातल्या सर्वांत अवघड पार 4 होलांत याचं नाव घेतात, आणि त्यात अतिशयोक्ती नाही. टीसमोर काळपट-हिरव्या शेड, त्यांच्यावर हॉटेलचं नाव. जुन्या रेल्वेच्या शेडची ही प्रतिकृती. फेअरवे शेडच्या मागे उजवीकडे वळतो, म्हणून धाडसी लोक अक्षरांवरून मारतात. कुठल्या अक्षरावरून, यावर कॅडी लोकांची चर्चा रंगते. तुमच्या बाबतीत चर्चा नको. स्लाइस उजवीकडे म्हणजे हॉटेलच्या आवारात, ओबी. शेडच्या डाव्या कडेवर किंवा त्याच्याही डावीकडे धरा. वळला तर फेअरवे, नाही वळला तर डावीकडचा रफ; दोन्हीतून खेळ चालू राहतो.

ग्रीन नीट समजून घ्या. ते तिरकं, अरुंद आणि उंचावर आहे. पुढे डाव्या बाजूला त्याच्या कुशीत रोड बंकर घुसलाय आणि भोवतालची जमीन, ग्रीनचा थोडा भागसुद्धा, त्याच्याकडे झुकतो. मागे लगेच रस्ता, रस्त्यापलीकडे दगडी भिंत. रस्ता खेळाचा भाग आहे. बॉल तिथे थांबला तर फुकटची सवलत नाही, डांबरावरूनच मारायचा. 1978 साली टॉमी नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर होता. पट मारला, बॉल उतारावरून घरंगळत रोड बंकरमध्ये गेला, बाहेर यायला चार फटके लागले आणि कार्डावर 9 लिहिले गेले. 1984 साली टॉम वॉटसनचा 2 आयर्न ग्रीन ओलांडून भिंतीजवळ गेला आणि ओपन सेव्हे बायेस्टेरोसकडे. 2000 साली डेव्हिड डुव्हालला बंकरमधून निघायला चार फटके लागले. एकजण डावीकडे फसतो, दुसरा मागे.

मोकळी जागा एकच: ग्रीनच्या पुढे, उजवीकडे. तुमचा दुसरा फटका तिथे, ग्रीनच्या तीस-चाळीस यार्ड अलीकडे थांबवा. तिथून ग्रीन लांबीच्या दिशेने उघडतं. पटर काढा आणि चढावरून वर पाठवा. झेंडा बंकरच्या मागे असेल तर त्याच्याकडे पाठवू नका, ग्रीनच्या मध्यावर पाठवा. पाच फटक्यांत होल संपला तर त्या दिवशीच्या निम्म्या लोकांपेक्षा तुम्ही चांगले खेळलात. 2022 मध्ये शेवटच्या दिवशी स्मिथही बंकरच्या अलीकडेच अडकला होता. त्याने बंकरवरून वेज मारला नाही. पटरने बॉल बंकरला वळसा घालून ग्रीनवर नेला आणि पुढचा पट टाकून पार वाचवला. ओपन हातात असताना जगातल्या उत्तम वेज खेळाडूंपैकी एकाने पटर निवडला, यावरून तुमचं काय ते ठरवा.

अठरावा. स्विल्कन बर्नवरच्या पुलावर फोटो काढा, सगळेच काढतात, फक्त मागच्या लोकांना ताटकळत ठेवू नका. बंकर एकही नाही. उजवीकडे कुंपण आणि रस्ता, ओबी. क्लबहाउसच्या घड्याळाच्याही थोडं डावीकडे धरा; पहिल्याचा फेअरवे सगळा तुमचाच आहे. ग्रीनच्या पुढे डावीकडे व्हॅली ऑफ सिन हा खोलगट भाग. तोकडा पडलेला बॉल ग्रीनच्या कडेपर्यंत जातो आणि मागे फिरून त्यात येतो. झेंड्यापर्यंतचं अंतर सांगितलं की त्यात एक क्लब मिळवा. मागे गेलेलं परवडतं. ग्रीन मागून, उजवीकडून पुढे डावीकडे उतरतं, तेव्हा मागून येणारा पट हळू मारा.

आणि बॉल त्या खोलगटात थांबलाच तर वेज बॅगेतच राहू द्या. 1995 साली कॉस्तांतिनो रोक्काने जॉन डॅलीशी बरोबरी साधायला तिथूनच साठेक फुटांचा पट टाकला होता. लोकांना तो पट आठवतो. त्याच्या आधीच्या फटक्यात ग्रीनजवळ असताना त्याने चिप (छोटा, उचललेला फटका) मारायला क्लब काढला होता आणि बॉल जेमतेम त्या खड्ड्यापर्यंत गेला होता, हे फारसं कुणी सांगत नाही.